लर्निंग लायसनवर बाबांची गाडी चालवायची आहे, इन्शुरन्स स्वस्तात कसा बसवायचा? (पुणे)

सायली_नऱ्हे | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा मोठा झालाय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी २० वर्षांची, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. बाबांची २०१६ ची वॅगनआर आहे, पेट्रोल, ९९८ सीसी. आजवर ती फक्त बाबाच चालवायचे. फेब्रुवारीत त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि आता रात्री समोरून लाईट आला की त्यांना काही सुधरत नाही, डॉक्टरांनी रात्रीचं ड्रायव्हिंग पूर्ण बंद सांगितलंय. आजी आमच्याकडे असते, तिला दमा आहे. मागच्या महिन्यात रात्री अडीचला तिला दवाखान्यात न्यायचं होतं, एक रिक्षा मिळेना, ॲपवर गाडी येईना, शेवटी शेजारच्या काकांना उठवलं. गाडी खाली पार्किंगमध्ये उभी आणि आम्ही तिघं गेटवर. त्या रात्रीच ठरवलं की शिकायचंच. लर्निंग लायसन निघालं, आठवडा झाला.

आता अडचण अशी की पॉलिसी २८ तारखेला संपतेय. बाबांचे एजंट म्हणतात मुलगी शिकाऊ आहे, तिच्या हातून काही झालं तर क्लेम मिळणार नाही, त्यापेक्षा गाडी तिच्या नावावर करून घ्या आणि नवीन पॉलिसी काढा, पण वय कमी आहे म्हणून प्रीमियम जास्त बसेल. आकडा सांगितला १०,८००. मागच्या वर्षी बाबांनी याच्या निम्मेसुद्धा भरले नव्हते. बाबा आता पेन्शनवर, माझी कमाई म्हणजे दोन शिकवण्या. आई म्हणते मग नुसती थर्ड पार्टी (टीपी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरतीच पॉलिसी) घ्या आणि विषय संपवा.

खरंच शिकाऊ माणसाला कव्हर नसतं का? आणि वयामुळे प्रीमियम वाढतो का? प्लीज सांगा.

कात्रज_ते_खडकी | सोमवार, रात्री ९:५५

आईचं बरोबर आहे. नऊ वर्षांची गाडी, थर्ड पार्टी घ्या. १००० सीसीपर्यंतच्या गाडीला टीपी २०९४ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २४७१ मध्ये काम होतं. हा दर सरकार ठरवतं त्यामुळे कुठेही गेलात तरी एकच, घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. मी तेच करतो.

जुना_सर्व्हेअर | सोमवार, रात्री १०:३०

सायली बेटा, सावकाश वाच. मी मोटार क्लेमचे सर्व्हे करण्यात तीस वर्षं काढली आहेत, पुणे, नगर, सोलापूर हा सगळा पट्टा केला, आता निवृत्त आहे. तुझ्या एजंटने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि अशी चूक ऐकून लोक मुलामुलींना गाडी शिकवायचंच सोडून देतात याचं मला फार वाईट वाटतं.

पहिली गोष्ट. बाबांची जुनी पॉलिसी काढ आणि त्यात ड्रायव्हर्स क्लॉज शोध. खासगी गाडीच्या पॉलिसीत तो असतोच. तिथे लिहिलेलं असतं की मालकासकट कोणीही गाडी चालवू शकतं, फक्त अपघाताच्या वेळी त्याच्याकडे चालू लायसन पाहिजे. आणि लगेच त्याच्या खालच्या ओळीत, लर्निंग लायसन असलेली व्यक्तीसुद्धा चालवू शकते, मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३ पाळलेला पाहिजे. म्हणजे तू कव्हरमध्ये आहेस. वेगळी पॉलिसी नाही, जादा पैसे नाहीत.

आता नियम ३ काय म्हणतो ते नीट लक्षात ठेव, कारण क्लेम इथेच अडकतात. तुझं लर्निंग लायसन चालू पाहिजे. शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस पाहिजे, आणि तो अशा जागी बसलेला पाहिजे की गाडी आवरता किंवा थांबवता येईल. म्हणजे पुढच्या डाव्या सीटवर, हँडब्रेकला हात पोचेल असा. मागच्या सीटवर बसलेले बाबा चालणार नाहीत. आणि गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल एल. तो एलसुद्धा कसाही नाही, पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. वहीच्या कागदावर स्केचपेनने काढून काचेला चिकटवलेले एल मी आयुष्यात खूप बघितले, अपघातानंतर ते सापडतही नाहीत. स्टिकर आण, पन्नास शंभर रुपयांत मिळतात.

दुसरी गोष्ट वयाची. टीपीचा दर फक्त सीसीवर आहे, चालवणाऱ्याचं वय त्यात कुठेच नाही. ओडी म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, तो कंपनी ठरवते, पण त्याचा पाया म्हणजे गाडीची किंमत (आयडीव्ही), सीसी, गाडीचं वय, नोंदणीचं शहर आणि तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट). गाडी बाबांच्या नावावर आणि पॉलिसीही बाबांच्या नावावर असेल तर तुझं वय कोणी विचारणारही नाही.

त्या १०,८०० चा ब्रेकअप इथे टाकतेस का? मला शंका आहे.

कोव्हेंट्रीचा_कोथरूडकर | मंगळवार, पहाटे १:१५

काका, थोडा वेगळा मुद्दा. मी इंग्लंडमध्ये असतो, मुलगा १७ चा झाला आणि आम्ही हेच सगळं गेल्या वर्षी केलं. इथे आई वडिलांच्या नावावर पॉलिसी काढून खरं चालवणारं पोर असेल तर त्याला फ्रंटिंग म्हणतात आणि ती सरळ सरळ फसवणूक धरली जाते, क्लेम तर जातोच वर पुढे कोणी इन्शुरन्स देताना हजार प्रश्न विचारतं. सायलीने बाबांच्या नावावर ठेवून स्वतः चालवली तर तेच होणार नाही का? काळजीपोटी विचारतोय.

जुना_सर्व्हेअर | मंगळवार, सकाळी ७:१०

चांगला प्रश्न, आणि बऱ्याच लोकांचा गोंधळ इथूनच होतो कारण नेटवर शोधलं की इंग्लंड अमेरिकेची माहिती आधी वर येते. तुमच्याकडे पॉलिसी माणसाला बघून बनते, कोण चालवणार त्याची नावं द्यावी लागतात. आपल्याकडे पॉलिसी गाडीची. मालकाच्या परवानगीने आणि लायसन घेऊन जो चालवेल तो त्यात आला, नावं द्यायची पद्धतच नाही. त्यामुळे मुलीने बाबांची गाडी चालवणं यात लपवाछपवी काही नाही. लपवाछपवी होते ती गाडी भाड्याने देऊन खासगी पॉलिसी दाखवली, किंवा पैसे घेऊन त्या गाडीवर शिकवण्या घेतल्या तर.

कोव्हेंट्रीचा_कोथरूडकर | मंगळवार, दुपारी २:३०

समजलं, धन्यवाद काका. इथलं थोडं लिहितो, कारण या ग्रुपवरची बरीच मुलं मास्टर्सला इकडे येतात आणि इथे येऊन जुनी गाडी घेतात.

इथे १७ व्या वर्षी प्रोव्हिजनल लायसनवर कार चालवता येते, शेजारी बसणारा किमान २१ वर्षांचा आणि तीन वर्षं पक्कं लायसन असलेला लागतो. पण आईबापाची पॉलिसी पोराला आपोआप लागू होत नाही. एकतर नेम्ड ड्रायव्हर म्हणून नाव घालायचं किंवा लर्नरची वेगळी पॉलिसी घ्यायची, ती दिवसाच्या, आठवड्याच्या हिशोबानेही मिळते. आम्ही ती घेतली कारण माझा स्वतःचा नो क्लेम त्यामुळे सुरक्षित राहिला. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, टेस्ट पास झाली त्या क्षणी ती लर्नर पॉलिसी लागू राहत नाही. टेस्ट सेंटरवरून घरी येताना मीच चालवली.

पास झाल्यावर स्वतःच्या नावाचा पहिला कोट दोन हजार पौंडांच्या वर होता, बायको आणि मी दोघं बसून राहिलो. मग लहान इंजिनाची गाडी बघितली (इथे गाड्यांचे १ ते ५० असे इन्शुरन्स ग्रुप आहेत, जितका खालचा तितकं स्वस्त), ब्लॅक बॉक्स लावून घेतला ज्यात वेग, ब्रेक, रात्रीचं चालवणं सगळं मोजलं जातं, आणि बायकोचं नाव नेम्ड ड्रायव्हर म्हणून घातलं कारण ती खरंच आठवड्यातून दोनदा ती गाडी वापरते. या तीन गोष्टींनी आकडा बराच खाली आला. मुलगी असेल तर स्वस्त असं जुने लोक सांगतात, ते २१ डिसेंबर २०१२ पासून बंद झालंय. आणि हो, पुण्याहून येणाऱ्यांना भारतातल्या लायसनवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालवता येतं, पण इन्शुरन्स काढताना लायसन भारतातलं आहे हे खरं सांगा.

सायली_नऱ्हे | मंगळवार, रात्री ८:०५

काका, मी काल रात्री खरंच जुनी पॉलिसी काढली. ड्रायव्हर्स क्लॉज दुसऱ्या पानावर आहे आणि तुम्ही म्हणालात तसंच अक्षरशः लिहिलंय. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले नऊ वर्षं पॉलिसी कपाटात आहे, मी पहिलं पान सोडून काही वाचलं नाही.

एजंटने पाठवलेला ब्रेकअप: ओडी ३९००, नो क्लेम बोनस ०, झिरो डेप (क्लेममध्ये पार्टच्या घसाऱ्याचे पैसे न कापण्याचं कव्हर) १७००, चावी, कन्झ्युमेबल्स (ऑइल, नट-बोल्ट वगैरे) आणि रोडसाइड मदत मिळून ११००, टीपी २०९४, मालकाचा अपघात विमा ३७५, आणि वर जीएसटी. एकूण १०,८१९.

अंकलिपी | मंगळवार, रात्री ८:५०

इथेच आहे सगळं. बोनस शून्य! बाबांनी किती वर्षं क्लेम घेतला नाही?

एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पहिल्या बिनक्लेम वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षापासून ५०. गाडी तुझ्या नावावर केली की बाबांचा ५० टक्के बोनस तुला मिळत नाही, जिवंतपणी मुलांना देता येत नाही तो, मालक गेल्यावर गाडी वारसाकडे आली तरच मिळतो. म्हणजे एजंटचा सल्ला ऐकून तुम्ही नऊ वर्षांची पुण्याई टाकून देताय आणि वर आरटीओचा नावबदलाचा खर्च वेगळा. गाडी बाबांच्याच नावावर राहू दे. नोकरी लागली, स्वतःची गाडी घेतलीस की तेव्हा तुझा बोनस शून्यापासून सुरू होईल, ते चालतं.

आणि बाबांची १५ लाखांची वैयक्तिक अपघात पॉलिसी दुसरीकडे आधीच असेल तर ३७५ पण भरायची गरज नाही, तसं लिहून द्यायचं. बँकेतून घेतलेली असते बऱ्याच जणांकडे, आणि घरी माहीत नसतं.

सायली_नऱ्हे | मंगळवार, रात्री ९:१०

बाबांनी कधीच क्लेम घेतला नाही, ५० टक्के आहे मागच्या पॉलिसीवर. आणि हो, अपघात पॉलिसी आहे, १५ लाखांचीच, चालू आहे!

सह्याद्रीचा_वारा | मंगळवार, रात्री १०:००

एक ट्रिक सांगतो, गाडीचा पत्ता गावाकडचा दाखवा. इन्शुरन्सच्या दरासाठी पुणे झोन ए मध्ये येतं, सातारा झोन बी, तिकडे स्वस्त पडतं.

अंकलिपी | मंगळवार, रात्री १०:२०

नका हो असं सांगू. झोन नोंदणीवरून ठरतो, पत्त्यावरून नाही, एमएच १२ ची पाटी लावून सातारा कसं दाखवणार. आणि फरक किती ते तरी बघा. जुन्या टॅरिफप्रमाणे (दरपत्रकाप्रमाणे) १००० सीसीच्या आतल्या, पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला ओडीचा दर झोन ए ला आयडीव्हीच्या ३.१२७ टक्के आणि झोन बी ला ३.०३९. तीन लाखांच्या गाडीवर २६४ रुपये, तेही डिस्काउंटच्या आधी. एवढ्यासाठी खोटी माहिती देऊन अख्खा क्लेम धोक्यात घालायचा?

वारजेकर_वि | बुधवार, सकाळी ११:३५

मला हे लिहायला जड जातंय पण सायलीसाठी आणि तिच्यासारख्या बाकीच्यांसाठी लिहितो.

माझा धाकटा भाऊ, त्याचं लर्निंग निघालं तेव्हा आम्ही सगळे नियम पाळले, एल लावला, मी शेजारी बसायचो. टेस्टची तारीख घेतली होती, त्या दिवशी नेमका त्याला ताप आला, मग परीक्षा आली, मग आज उद्या आज उद्या. लर्निंग सहा महिने चालतं हे आम्हाला माहीत होतं पण सहा महिने कधी झाले ते कळलंच नाही. नवले पुलाच्या अलीकडे उतारावर त्याने पुढच्या टेम्पोला मागून ठोकलं. कोणाला लागलं नाही हे नशीब, पण बॉनेट, रेडिएटर, दोन्ही लाईट, बंपर सगळं गेलं. सर्व्हेअरने पहिली गोष्ट लायसन मागितलं, तारीख बघितली, ती १९ दिवसांपूर्वी संपली होती. ओडीचा क्लेम नामंजूर. ८२ हजार मी हप्त्याने फेडले. भाऊ दोन वर्षं स्टिअरिंगला शिवला नाही, त्याची भीती गेली नाही अजून, आणि मला राहून राहून वाटतं की तारीख बघायचं काम माझं होतं.

सायली, लर्निंगची शेवटची तारीख फ्रीजवर चिकटव. ३० दिवस झाले की टेस्ट देता येते, त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घे.

सायली_नऱ्हे | बुधवार, दुपारी १२:१०

दादा, मनापासून धन्यवाद. फ्रीजवर लावली आत्ता.

कोर्टाची_पायरी | बुधवार, दुपारी ४:४५

वकील आहे, मोटार अपघात दाव्यांत काम करते. वारजेकर दादांच्या प्रकरणात समोरच्याला इजा झाली असती तर चित्र काय असतं ते सांगते कारण हे लोकांना माहीत नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वरण सिंग या खटल्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. लर्निंग लायसन हेही कायद्याच्या दृष्टीने लायसनच आहे, केवळ चालवणारा शिकाऊ होता म्हणून कंपनी जखमी माणसाची भरपाई नाकारू शकत नाही. आणि लायसनच्या अटींचा भंग झालेला असेल तर कोर्ट कंपनीला आधी त्या माणसाला पैसे द्यायला लावू शकतं आणि नंतर गाडीच्या मालकाकडून ते वसूल करायची मुभा देऊ शकतं. म्हणजे जखमी माणूस वाऱ्यावर राहत नाही, पण शेवटी रक्कम तुमच्या बाबांच्या डोक्यावर येऊ शकते. थर्ड पार्टी इजेची भरपाई लाखांत जाते, कधी कोटीतही. बंपर फुटल्याचा खर्च त्यापुढे काहीच नाही, त्यामुळे नियम ३ मनावर घ्या.

कात्रजकर दादांना उत्तर: नुसत्या टीपीत तुमच्या गाडीत बसलेल्या आजी, आई यांना खासगी गाडीत साधारणपणे कव्हर धरलं जात नाही. फुल पॉलिसीत ते येतात. आजीला न्यायलाच गाडी शिकतेस ना, मग टीपीवर थांबू नकोस.

कात्रज_ते_खडकी | बुधवार, सायंकाळी ६:३०

हे खरंच माहीत नव्हतं मॅडम. माझ्या गाडीत रोज पोरं शाळेला जातात. या रिन्यूअलला बदलतो.

हडपसर_बाबा | बुधवार, रात्री ९:१५

विषय निघालाच आहे तर विचारतो. माझा मुलगा सतरा पूर्ण आहे, अठराला सात महिने राहिलेत. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर मी शेजारी बसून शिकवतो. एल लावला आहे. चालेल ना?

कोर्टाची_पायरी | बुधवार, रात्री ९:३०

नाही चालणार, आणि कृपा करून आजच थांबवा. कारचं लर्निंग लायसन १८ च्या आधी निघतच नाही, मग एल लावून उपयोग काय. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९ ए वाचा, पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. मे २०२४ चा कल्याणीनगरचा अल्पवयीन मुलाच्या गाडीचा अपघात पुण्यात कोणी विसरलेलं नाही, दोन जीव गेले. सात महिने थांबा, तोवर त्याला सायकलवर ट्रॅफिकचं भान येऊ द्या, शेजारी बसवून सिग्नल, लेन, आरसे समजावत राहा.

हडपसर_बाबा | बुधवार, रात्री ९:४५

थांबवतो. स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे.

पहिली_नोकरी | गुरुवार, सकाळी १०:२०

मी हिंजवडीला जॉइन झालोय, २३ वर्षांचा, पक्कं लायसन आहे. घरी गाडीच नाही त्यामुळे बोनस वगैरे काही नाही. सेकंड हँड घेतोय, बजेट अडीच तीन लाख. इन्शुरन्स कमी बसेल अशी कोणती गाडी घ्यावी? एक जण म्हणतोय पॉलिसी चालू आहे, तुला काही करावं लागणार नाही.

जुना_सर्व्हेअर | गुरुवार, दुपारी १:००

तो जण म्हणतोय त्यावर जाऊ नकोस. गाडी विकली की थर्ड पार्टीचा भाग कायद्याने नव्या मालकाकडे जातो, ओडीचा जात नाही. नवीन मालकाने १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. आरसी तुझ्या नावावर, पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, असा क्लेम आला की आमचा हात थांबायचा, समोर रडणारा मुलगा असायचा आणि काही करता यायचं नाही. आणि जुन्या मालकाचा बोनस तुला लागू नाही, तो फरक भरावा लागतो, तो गाडीच्या किमतीतच धरून बोल.

गाडी निवडताना १००० सीसीची रेघ बघ. ९९८ सीसीची वॅगनआर, सेलेरिओ, अल्टो के१० किंवा ९९९ ची क्विड, यांना टीपी २०९४. ११९७ ची स्विफ्ट घेतलीस की ३४१६. हे १ जून २०२२ पासूनचे दर आहेत. जीएसटी धरून दर वर्षी दीड हजाराचा फरक झाला. आणि आयडीव्ही मुद्दाम खाली पाडू नकोस. कोटमध्ये आयडीव्ही कमी केला की प्रीमियम दोनशे तीनशेने उतरतो, लोक खूश होतात, पण गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की हातात तेवढाच खाली पाडलेला आकडा येतो.

हिंजवडीला कंपनीची बस असेल आणि गाडी शनिवार रविवारचीच असेल तर किलोमीटरवर चालणारं कव्हर विचार. विमा नियामक इर्डाने जुलै २०२२ मध्ये त्याला परवानगी दिली. ठरलेल्या किलोमीटरपर्यंत ओडी स्वस्त पडतो, पण मीटरवर लक्ष ठेवायला लागतं, संपत आले की टॉप अप करायचं.

अंकलिपी | गुरुवार, रात्री ८:४०

सायली, तुझ्यासाठी एक हिशोब मांडला, कारण शिकताना ओरखडे पडणारच आणि दर वेळी क्लेम टाकावासा वाटणार.

समज गाडीचा आयडीव्ही २,४०,०००. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला जुना दर ३.२८३ टक्के, म्हणजे ७८७९. कंपनीने ६० टक्के डिस्काउंट दिला तर ३१५२ राहिले, त्यावर बाबांचा ५० टक्के बोनस, म्हणजे ओडी १५७६. आता एक क्लेम घेतला तर पुढच्या वर्षी बोनस शून्य, मग २०, २५, ३५, ४५ करत पुन्हा ५० ला यायला पाच बिनक्लेम वर्षं. या काळात एकूण गमावले ३१५२ चे सव्वापट, ३९४०, जीएसटी धरून ४६५०. शिवाय क्लेममध्ये पहिले १००० तुम्हालाच भरायचे असतात, आणि झिरो डेप नसेल तर प्लास्टिक रबरच्या पार्टचे निम्मे पैसे पण. म्हणून साडेपाच सहा हजारांच्या आतलं डेंटिंग पेंटिंग असेल तर खिशातून करा, क्लेम मोठ्या कामासाठी राखून ठेवा.

कात्रज_ते_खडकी | गुरुवार, रात्री ९:०५

मग व्हॉलंटरी डिडक्टिबल घ्या ना, म्हणजे क्लेममधली ठरलेली रक्कम आपणच भरायची, ओडीत सूट मिळते. छोटे क्लेम घ्यायचेच नाहीत तर काय हरकत आहे.

जुना_सर्व्हेअर | गुरुवार, रात्री ९:४०

२५०० चं घेतलं तर हरकत नाही. १५ हजारांचं मात्र शिकाऊ हातासाठी मी घेऊ देणार नाही, तिचा ओडीच १५७६ आहे, त्यात सूट मिळून मिळून किती मिळणार, आणि एका ठोकरीत १५ हजार पेन्शनमधून काढायचे.

ॲडऑनचंही (जादा कव्हरचंही) तसंच. चावी, कन्झ्युमेबल्स काढून टाक. झिरो डेप मिळालं तर घे, नऊ वर्षांच्या गाडीला सगळ्या कंपन्या देत नाहीत, तीन चार ठिकाणी विचार. थर्ड पार्टीच्या मालमत्तेच्या नुकसानीचं कव्हर साडेसात लाखांचं असतं, ते सहा हजारांवर आणायचा पर्याय दाखवतात, थोडक्या रुपयांसाठी तो अजिबात निवडू नकोस. पुण्यात पुढची गाडी कोणती असेल सांगता येत नाही.

आणि २८ तारीख चुकवू नकोस. पॉलिसी तुटली की गाडीचं इन्स्पेक्शन करायला लागतं, ९० दिवस गेले की बोनस कायमचा गेला.

पाषाणची_मीनाताई | शुक्रवार, सकाळी ७:३०

मी इन्शुरन्समधलं फार सांगू शकत नाही पण दोन मुलींना शिकवलंय म्हणून लिहिते. आधी ड्रायव्हिंग स्कूलला जा, त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी पण ब्रेक असतो, पहिली पंधरा दिवसांची धडपड त्या गाडीवर होऊ दे, बाबांच्या क्लच प्लेटवर नको. कारची टेस्ट भोसरीला नाशिक फाट्याजवळच्या ट्रॅकवर होते, तिथे चढावर गाडी थांबवून मागे न घसरता उचलायची असते, मोठी मुलगी तिथेच एकदा नापास झाली होती. मग आम्ही रोज पहाटे साडेपाचला बाणेर पाषाण लिंक रोडच्या चढावर जायचो, आठव्या दिवशी तिला हाफ क्लच सापडला.

आणि बाळा, आजीला रात्री त्रास झाला तर पक्कं लायसन येईपर्यंत तू गाडी काढू नकोस. बाबा शेजारी बसले तरी त्यांनाच रात्रीचं दिसत नाही तर ते गाडी आवरणार कशी. १०८ ला फोन कर. नंबर आजीच्या पलंगाशेजारी मोठ्या अक्षरात लावून ठेव.

सायली_नऱ्हे | पुढचा रविवार, रात्री ९:२०

उशिरा लिहितेय, माफ करा. पॉलिसी झाली. बाबांच्याच नावावर, बोनस ५० टक्के. चार ठिकाणी विचारलं, दोघांनी झिरो डेप नाही म्हणून सांगितलं, तिसऱ्याने ११०० ला दिलं. ओडी १५७६, झिरो डेप ११००, टीपी २०९४, जीएसटी धरून ५६२९. अपघात विम्याचं बाबांनी लिहून दिलं. एजंटला बाबांनी फोन करून ड्रायव्हर्स क्लॉज वाचून दाखवला, ते म्हणाले मला वाटलं होतं तसं नसतं. बाबा म्हणाले आता बाकीच्या लोकांना पण नीट सांगा.

ड्रायव्हिंग स्कूल सोमवारपासून लावलंय. आज पहिल्यांदा आमची गाडी घेतली, पुढे मागे एल, बाबा शेजारी, सकाळी सहाला. आठ वेळा बंद पडली. बाबांचा हात पूर्ण वेळ हँडब्रेकवर होता, पण त्यांनी तो एकदाही ओढला नाही.

काका, एक राहिलं. एल मागच्या काचेवर आतून लावला तर चालेल का, बाहेरून लावलेला पावसात निघतोय.

जुना_सर्व्हेअर | रविवार, रात्री १०:०५

काचेवर लावलास तर बाबांना आरशातून मागचं दिसणार नाही, आणि शेजारी बसून तेच बघणार आहेत. डिकीच्या दारावर, नंबर प्लेटच्या वर, पत्रा कोरड्या फडक्याने पुसून लाव. चुंबकवाला मिळतो, तो आण, पावसात हलत नाही. आणि दिवसाआड बघत जा जागेवर आहे का.